वाचकांचे प्रश्न : आनंदीबाईंच्या महाविद्यालयातील माजी विद्यार्थिनींचा संघ

प्रश्न : डॉ. आनंदीबाई जोशी ज्या अमेरिकी महाविद्यालयात शिकल्या, तेथील माजी विद्यार्थिनींचा एक संघ होता, असे वाचनात आले. तो कधी आणि कशासाठी स्थापन झाला? आनंदीबाईंचे जपानी व सीरियन मैत्रिणींसोबतचे प्रसिद्ध छायाचित्र या संघाच्या सभेतले आहे काय? आनंदीबाईंनंतर कोणी मराठी स्त्री तेथे शिकली का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : छायाचित्राचा उलगडा आधी करतो, कारण त्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. ते १० ऑक्टोबर १८८५ रोजीचे असून महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी दिलेल्या स्वागतसमारंभाच्या वेळचे आहे. त्यातील आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या तिघीही त्या वेळी विद्यार्थिनीच होत्या. आनंदीबाईंना पदवी मिळाली ती पुढील वर्षी, ११ मार्च १८८६ रोजी, ओकामी १८८९ मध्ये उत्तीर्ण झाल्या आणि इस्लामबुली १८९० मध्ये. तेव्हा ते छायाचित्र माजी विद्यार्थिनींच्या सभेतले नव्हे.

आता संघाविषयी. फिलाडेल्फिया शहरात १८५० मध्ये केवळ स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण देण्यासाठी हे महाविद्यालय स्थापन झाले. आरंभी त्याचे नाव ‘फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ असे होते, ते १८६७ मध्ये ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ असे झाले. १८५१ च्या अखेरीस पहिल्या आठ स्त्रिया पदवीधर झाल्या, पण पदवी हाती आली म्हणून वैद्यकाच्या जगाने त्यांना आपले मानले, असे घडले नाही. १८५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यक मंडळाने, म्हणजे तेथील डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटनेने, या महाविद्यालयाशी संबंध ठेवण्यास विरोध करणारी भूमिका घेतली आणि राज्याच्या मंडळानेही तीच उचलून धरली. १८६९ मध्ये येथील विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये प्रात्यक्षिक व्याख्यानासाठी गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा व हुर्यो करून त्यांना हिणवले. ही घटना त्या काळी वृत्तपत्रांतही गाजली.

या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये माजी विद्यार्थिनींचा संघ उभा राहिला. आज असा संघ म्हटला की स्नेहसंमेलन, जुन्या आठवणी आणि देणग्या डोळ्यांपुढे येतात. हा संघ मला मोलाचा वाटतो तो मात्र वेगळ्याच कारणाने. त्या काळी डॉक्टरला आपल्या रुग्णाचा अवघड प्रसंग समव्यावसायिकांपुढे मांडायचा असे, नवी उपचारपद्धती पारखायची असे किंवा सल्ला घ्यायचा असे, तर त्यासाठी वैद्यक मंडळाचे सभासदत्व लागे, आणि फिलाडेल्फियात ते दार तर स्त्रियांना बंद होते. म्हणून या स्त्रियांनी आपल्या वार्षिक सभेलाच वैद्यक मंडळाचे स्वरूप दिले. सभेत शोधनिबंध वाचले जात, रुग्णांच्या हकिगतींवर चर्चा होई, दूरच्या गावी व दूरदेशी काम करणाऱ्या पदवीधरांची खबर घेतली जाई, दिवंगत भगिनींचे स्मरण होई, आणि या साऱ्याचा वृत्तांत छापून प्रसिद्ध केला जाई. फिलाडेल्फियाच्या वैद्यक मंडळाने पहिल्या स्त्री डॉक्टरला प्रवेश दिला तो १८८८ मध्ये, म्हणजे संघाच्या स्थापनेनंतर तेरा वर्षांनी.

आपल्या पदवीधरांची नीट नोंद ठेवण्याची या संस्थेची वृत्तीही लक्षात घेण्यासारखी आहे. १८८१ मध्ये अधिष्ठात्या रेचेल बॉडली यांनी (ज्यांचा आनंदीबाईंना पुढे मोठा आधार मिळाला आणि ज्यांनी पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, त्याच या) सर्व हयात पदवीधरांना प्रश्नावली पाठवली. आपण व्यवसाय करता का, कोणत्या प्रकारचा, त्यातून प्राप्ती किती होते, कोणत्या वैद्यक मंडळाच्या सभासद आहात का, आणि वैद्यकाच्या अभ्यासाचा पत्नी व माता या नात्यांवर काय परिणाम झाला, असे प्रश्न त्यात होते. शिकलेली स्त्री लग्नानंतर व्यवसाय सोडून देते, तेव्हा तिच्या शिक्षणावरचा खर्च वायाच जातो, हा आक्षेप तेव्हा सर्रास घेतला जाई, आणि बॉडली यांनी त्याला पदवीधरांच्याच उत्तरांच्या आधारे प्रत्युत्तर दिले. आलेल्या उत्तरांत बहुसंख्य स्त्रिया प्रत्यक्ष व्यवसाय करीत असल्याचे दिसले. ज्या काळी स्त्रियांच्या बुद्धीविषयी आणि शरीरप्रकृतीविषयी वाटेल ती विधाने पुराव्यावाचून केली जात, त्या काळी एका रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने पुरावा गोळा करून बोलावे, याचे मला अतिशय कौतुक वाटते.

संघाचे काम सभागृहापुरते राहिले नाही. १८९५ मध्ये दक्षिण फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीत माजी विद्यार्थिनींच्या नावाने दवाखाना सुरू झाला. तेथे स्त्रिया व मुलांना उपचार मिळत, आणि नव्याने उत्तीर्ण झालेल्या स्त्री डॉक्टरांना अनुभवही मिळे, जो त्यांना बहुतेक रुग्णालये देत नसत.

भारताशी या संस्थेचा संबंध आनंदीबाईंच्या आधीपासूनचा आहे. १८६९ च्या पदवीधर क्लॅरा स्वेन १८७० च्या जानेवारीत बरेलीला आल्या आणि त्यांनी तेथे स्त्रियांसाठी रुग्णालय उभारले. ॲना कुगलर यांनी १८७९ मध्ये पदवी घेतली आणि पुढे गुंटूरला आयुष्यभर काम केले. आनंदीबाईंच्या वाट्याला मात्र माजी विद्यार्थिनी म्हणून एक वर्षही पूर्ण आले नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झाली होती, पण ती स्वीकारून कामाला लागण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते नाव महाराष्ट्रात फारसे कोणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते. डॉ. गुरुबाई करमरकर १८९२ मध्ये याच महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, १८९३ मध्ये मायदेशी परतल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या वतीने त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ रुग्णसेवा केली. आनंदीबाईंना आयुष्याने जी संधी नाकारली ती गुरुबाईंना मिळाली आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली. पण पहिलेपणाचा मान ज्याला मिळतो त्याचेच चरित्र लिहिले जाते, प्रत्यक्ष काम करणारा मागे राहतो.

प्रश्न : हे महाविद्यालय आणि हा संघ आज आहे काय? तेथील जुनी कागदपत्रे अभ्यासकाला पाहता येतात का? (एक अभ्यासक, पुणे)

उत्तर : त्या नावाने महाविद्यालय आज नाही. १९७० च्या सुमारास तेथे पुरुषांनाही प्रवेश मिळू लागला आणि नावातून ‘वुमन्स’ हा शब्द गेला. १९९३ मध्ये त्याचे हानेमान या दुसऱ्या वैद्यकीय शिक्षणसंस्थेशी एकत्रीकरण झाले. ज्या आरोग्यसंस्थेच्या छत्राखाली हे घडले ती १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि अखेर २००२ मध्ये हे वैद्यकीय शिक्षण ड्रेक्सेल विद्यापीठाचा भाग झाले. विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ‘लेगसी सेंटर’ या अभिलेखागारात जुने दप्तर, छायाचित्रे आणि माजी विद्यार्थिनींच्या संघाचे छापील वार्षिक वृत्तांत जतन केलेले आहेत, आणि त्यांतील बराचसा भाग आता संगणकावरही पाहता येतो. आनंदीबाईंवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून आपण अभ्यासाला गुरुबाईंपासून आरंभ करावा, आणि फिलाडेल्फियातील कागदांसोबत अमेरिकन मराठी मिशनचे अहवालही जोडून वाचावेत, असे सुचवतो.