छिद्र हृदयात आहे, मग न्यूमोनिया का होतोय?

प्रश्न: माझी मुलगी साडेपाच महिन्यांची आहे. टू-डी इकोमध्ये हृदयात मोठं छिद्र निघालं, व्हीएसडी (खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र) म्हणाले. दोनदा न्यूमोनियासाठी ॲडमिट केलं, वजन अजून सव्वाचार किलोच. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लांबवू नका, घरचे म्हणतात आधी छाती साफ होऊ दे, थोडं अंग धरू दे, एवढ्याशा जिवाला कसं झेपेल. काय करू?

उत्तर: ताई, घरच्यांची काळजी समजते, पण ही छाती साफ होत नाहीये ती बहुतेक त्या छिद्रामुळेच. हृदयाच्या डाव्या कप्प्यात प्रेशर जास्त असतं, त्यामुळे दर ठोक्याला रक्त छिद्रातून उजवीकडे घुसतं आणि तिथून परत फुफ्फुसात जातं, फुफ्फुसं कायम ओली नि जड राहतात, मग साधी सर्दीसुद्धा छातीत उतरते. दूध पिताना ती दोन-चार घोट घेऊन दमते, कपाळावर घाम येतो, थांबते, परत ओढते, हे तुम्ही रोज बघत असाल. पोटात जातं त्यातलं बरंचसं श्वास घेण्यातच खर्च होतं, वजन वाढणार कुठून? म्हणून वजनाची वाट बघत बसू नका. तोपर्यंत लघवी वाढवणारं औषध आणि जास्त कॅलरीचं दूध देतात, पण तो तात्पुरता आधार.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण इथे भलेभले फसतात. काही महिन्यांनी धाप कमी होते, वजन वाढतं, स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येणारा मर्मर (हृदयाचा जास्तीचा सूं-सूं आवाज) हळू होतो, आणि सगळ्यांना वाटतं छिद्र भरत आलं. लहान छिद्रं भरतात, खरंय. पण मोठ्या छिद्रात याचा अर्थ असाही असू शकतो की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड, कडक झाल्यात आणि प्रेशर इतकं चढलंय की रक्त तिकडे जायचंच कमी झालंय. हे फार पुढे गेलं तर ओठ निळे पडायला लागतात आणि मग छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं. म्हणूनच मोठी व्हीएसडी शक्यतो पहिल्या वर्षाच्या आत बंद करतात, डाउन सिंड्रोमच्या बाळांमध्ये तर अजून घाई, त्यांचं प्रेशर लवकर चढतं.

आत्ता ताप किंवा इन्फेक्शन चालू असेल तर सहसा काही आठवडे थांबतात, कारण ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीननंतर सुजलेली फुफ्फुसं त्रास देतात. पण बाळ व्हेंटिलेटरवरून निघतच नसेल तर कधीकधी त्याच अवस्थेत ऑपरेशन करावं लागतं, आणि नंतरच ते सुटतं.

पुढच्या व्हिजिटला विचाराच, फुफ्फुसातलं प्रेशर किती आहे आणि कॅथ टेस्ट (रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून आतलं प्रेशर मोजायची तपासणी) लागणार का. आणि ती शांत झोपली की पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, ५० किंवा जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली खळगे पडत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच दाखवा.