जाळीच्या प्लॅटफॉर्मवर भार द्यायचा कुठे?

प्रश्न : आमच्या कारखान्यातल्या प्लॅटफॉर्मवर स्टीलचे ग्रेटिंग (जाळी) टाकायचे आहे. बेअरिंग बार (भार पेलणाऱ्या उभ्या पट्ट्या) ३० × ५ मिमी, पिच (दोन बारमधले अंतर) ३० मिमी, स्पॅन (दोन आधारांमधले अंतर) १ मीटर, एका पॅनेलमध्ये ३४ बार. ५ किलोन्यूटन प्रति चौ.मी. भारासाठी संगणकावर फायनाइट एलिमेंट पद्धतीने सॉलिड (त्रिमितीय) मॉडेल केले आणि सगळ्या बारच्या वरच्या कडांवर ०.००५ एमपीए (न्यूटन प्रति चौ.मिमी) प्रेशर दिले. डिफ्लेक्शन (बाक) जेमतेम ०.१५ मिमी येते. हे बरोबर आहे का? वाऱ्याचा भारही असाच द्यायचा का?

उत्तर : बरोबर नाही. आधी सपोर्टवरच्या उभ्या रिअ‍ॅक्शनची (आधाराने दिलेल्या बलाची) बेरीज काढा. ती ८५० न्यूटनच्या आसपास भरेल, हवी ४९५० न्यूटन (३३ पिच म्हणजे ०.९९ मी. रुंदी × १ मी. × ५ किलोन्यूटन). ५ किलोन्यूटन हा भार प्लॅनमधल्या पूर्ण चौरस मीटरचा असतो, भोकांसकट. भोकावरचा वाटाही शेवटी शेजारच्या बारलाच उचलावा लागतो. तुमचे प्रेशर मात्र ३० मिमीपैकी ५ मिमी पट्टीवरच लागले, म्हणून भार सहा पटींनी कमी पडला.

सॉलिड मॉडेलच ठेवायचे असेल तर मधल्या बारवर ०.०३ एमपीए द्या आणि कडेच्या दोन बारवर निम्मे, कारण त्यांच्या वाट्याला एकाच बाजूचे १५ मिमी येतात. क्रॉस बारचा (बेअरिंग बारना जोडणाऱ्या आडव्या बारचा) वरचा पृष्ठभाग निवडू नका, नाहीतर तेवढा भार जास्तीचा चढतो.

खरे तर इथे सॉलिडची गरजच नाही. बीम एलिमेंट घ्या (म्हणजे बार नुसत्या रेषेने दाखवा), मधल्या बारवर ०.१५ न्यूटन प्रति मिमी लाइन लोड (लांबीवर पसरलेला भार) द्या. हाताने ताळा करा : मोमेंट (बार वाकवणारा परिणाम) १८,७५० न्यूटन-मिमी, सेक्शन मॉड्युलस (छेदाच्या आकाराचा वाकण्याला विरोध) ७५० मिमी³, दोन्हींच्या भागाकाराने स्ट्रेस (ताण) २५ एमपीए, डिफ्लेक्शन ०.८७ मिमी. मॉडेलमध्ये ०.१७ दिसले तर टोके पूर्ण जखडली गेली आहेत असे समजा. क्लिपने धरलेला बार अँगलवर नुसता टेकलेला असतो, त्यामुळे टोकाचे रोटेशन मोकळे ठेवा.

एकूण भार नोडच्या (एलिमेंट जोडणाऱ्या बिंदूंच्या) संख्येने भागून सारखा वाटणे टाळा. जिथे मेश (एलिमेंटची विभागणी) बारीक तिथे भार गोळा होतो आणि टोकाच्या नोडला निम्म्याऐवजी पूर्ण वाटा मिळतो. पॅनेलचा आकार वेडावाकडा असेल तर वर पातळ डमी शेल (फक्त भार वाटण्यापुरता नकली पत्रा) टाकून त्यावर ०.००५ एमपीए द्यावे. दोन बारमध्ये एकच एलिमेंट ठेवा, नोड बारशी सामाईक ठेवा, डेन्सिटी शून्य करा आणि ई-मूल्य (ताठपणा दाखवणारा आकडा) स्टीलच्या हजाराव्या भागाइतके घ्या. ते आणखी दहापट कमी करून पाहा. डिफ्लेक्शन बदलले तर शेल स्वतःच भार पेलतो आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती जास्त महत्त्वाची आहे. ट्रॉली फिरणार असेल तर पसरलेल्या भारावर थांबू नका. अरुंद चाक एक-दोन बारवरच बसते. चाकाचे २ किलोन्यूटन मध्यावर दोन बारवर आले तर स्ट्रेस ३३३ एमपीए होतो, म्हणजे २५० एमपीए यील्डच्या (त्यापुढे कायमचे वाकणाऱ्या) स्टीलला झेपणार नाही. क्रॉस बार थोडा भार शेजाऱ्यांकडे नेतात, पण किती, हे मॉडेलमध्ये त्यांचे जोड नीट दाखवले तरच कळेल.

वाऱ्याचा हिशेब उलटा असतो. उभ्या जाळीसाठी आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक) प्रमाणे समोरून दिसणारे भरीव क्षेत्रफळच धरतात आणि फोर्स कोएफिशंट (वाऱ्याच्या दाबाला गुणायचा आकडा) भरीवपणाच्या प्रमाणावरून घेतात. जाळीला ताडपत्री बांधली जाणार असेल तर मात्र पूर्ण क्षेत्रफळ धरा.