धान्यातली कीड रेडिओ लहरींनी मारावी का?

प्रश्न : आमच्या शेतकरी गटाकडे गहू, हरभरा, तूर साठवणीला असते. पावसाळ्यात सोंडे आणि भुंगेरे होतात. रेडिओ लहरींच्या यंत्राने औषधाविना कीड मरते, असा व्हिडिओ पाहिला. यंत्र घ्यावे का? बियाण्याला चालेल का?

उत्तर : कीड मरते, व्हिडिओ खोटा नाही. पण यंत्राची घाई करू नका.

धान्य दोन धातूच्या पत्र्यांमधून सरकते आणि त्यांच्यातला विजेचा दाब सेकंदाला सुमारे 2 कोटी 71 लाख वेळा उलटसुलट होतो (27.12 मेगाहर्ट्झ). त्याने दाण्यातला ओलावा घुसळला जाऊन उष्णता दाण्याच्या आतच तयार होते. खरी मेख इथेच आहे. सोंड्याची मादी दाणा कोरून आत अंडे घालते आणि वरून भोक बुजवते. तुम्ही चाळणी मारली की वरचे सोंडे जातात, आतली अळी राहते आणि महिनाभरात पोते पुन्हा वळवळते. दाणा 50 ते 60 अंशांवर काही मिनिटे राहिला की अळीसुद्धा मरते, आणि विषाचा अंशही उरत नाही.

विजेचा खर्च फारसा नाही. एक क्विंटल गहू 30 वरून 55 अंशांवर न्यायला सव्वा युनिटाएवढी उष्णता लागते. यंत्रातली तूट धरून दोन युनिट समजा. महाग आहे ते यंत्र. शिवाय कडेचा आणि मधला माल सारखा तापत नाही, म्हणून गरम हवा, सरकता पट्टा, नंतर लगेच थंड करण्याची सोय, हे सगळे आले. हे काम मोठ्या गिरणीचे, डाळ मिलचे. बियाण्यावर तर प्रयोग नकोच. तापमान थोडे चढले, त्यातून दाणा ओलसर असला, की उगवण गेलीच म्हणून समजा.

गटाने उन्हाचाच वापर करावा. एप्रिल-मेमध्ये काळ्या ताडपत्रीवर वाळलेली तूर किंवा हरभरा दोन बोटे जाडीने पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक ओढा, कडा दगडांनी दाबा. आतले तापमान 57 अंशांवर तासभर टिकले तर कडधान्याचे भुंगेरे अंडी-अळीसकट मरतात. थर्मामीटर ठेवाच, अंदाजाने चालत नाही. नुसते उघड्यावर वाळत घातले तर मोठे भुंगेरे सावलीला पळतात.

मग माल सावलीत पूर्ण थंड करून हवाबंद पिशवीत भरा. गव्हाचा ओलावा 12 टक्क्यांच्या आत, कडधान्याचा 9 च्या आसपास हवा. कोणत्याही उष्णतेने पुढची कीड अडत नाही, म्हणून जुनी पोती, कोठीच्या फटी आधी साफ करा.

आणि घरात झोपता त्या खोलीत धान्यात फॉस्फाईडच्या गोळ्या अजिबात टाकू नका. त्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो. धुरी द्यायचीच असेल तर गोदामात, परवानाधारक माणसाकडूनच.