आजोबांची १९५८ची एमजीए (ब्रिटिश एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार) खानापुरात गोठ्यात पडून आहे, घरी रिस्टोअर करता येईल का?

येतंय की, पण पहिलं काम रंगाचं नाही, चेसीचं, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचं. एमजीएची बॉडी वेगळ्या चेसीवर बसवलेली असते आणि खालची फळी प्लायवूडची, खानापूरच्या पावसात ती कुजलेलीच असणार, म्हणून फळी काढून चेसी हातोडीनं ठोकून बघा, आवाज बदबद आला तर तिथं पत्रा गेलाय समजा.

इंजिनाला घाबरू नका. तिच्यात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) १४८९ सीसीचं बी सिरीज इंजिन आहे, आपल्या अॅम्बॅसिडरमध्ये पण वर्षानुवर्षं तेच होतं, त्यामुळे जुन्या मिस्त्रींचा हात त्यावर बसलेला आहे. असला मिस्त्री शोधा, बाकी सगळं नंतर. जाम असेल तर स्टार्टर मारू नकाच, प्लग काढून सिलेंडरात ऑइल सोडा, चार-पाच दिवस थांबा, मग पान्यानं हळूहळू फिरवा. बोअरिंग-ग्राइंडिंगसाठी लांब जायला नको, बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉप आहेत.

वायरिंगमध्ये मात्र जपून, ही गाडी मूळची पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला, नेहमीच्या सवयीनं उलट जोडली की डायनॅमो-रेडिओ जाणार. पाने पण इंचातले घ्या, एमएमचे लावून नट गोल करून ठेवतात लोक आणि मग ते काढताना जीव जातो.

आणि खोलताना प्रत्येक पार्टचा फोटो काढा, बोल्ट पिशवीत घालून वर नाव लिहा. आजोबांची गाडी आहे, घाई करू नका. आरसी सापडली का तेवढं आधी बघा.