गोष्टीला काय हवे?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. एकाच वर्षात भयपट आणि संगीतिका केल्यामुळे ‘तुझी ओळख काय?’ असे विचारले गेले आणि तू दोन रात्री झोपली नाहीस, हे वाचून वाईट वाटले. त्या प्रश्नाचा रागही आला.

हॉलिवूडचे दिग्दर्शक रॉबर्ट वाइज १९३३ मध्ये तिथल्या आरकेओ स्टुडिओत फिल्मचे डबे वाहून नेण्याच्या कामावर लागले, तिथून संकलनाच्या टेबलावर आले आणि ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’ चित्रपटाचे संकलक झाले. पुढे दिग्दर्शक म्हणून त्यांनी मुष्टियुद्ध, परग्रहवासी, पाणबुडी असे नाना विषय हाताळले. ‘वेस्ट साइड स्टोरी’ आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या दोन्ही संगीतिकांना दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले आणि त्यांच्या मधोमध, १९६३ मध्ये, त्यांनी ‘द हाँटिंग’ केला. त्यात भूत दिसतच नाही; बंद दाराचे जाड लाकूड आतल्या बाजूला फुगत येते आणि खोलीतली माणसे नुसती बघत राहतात. तरी यांना स्वतःची शैली नाही, असे समीक्षक म्हणत राहिले.

अग, गोष्टीला काय हवे, एवढेच ते पाहत! ‘आय वॉन्ट टू लिव्ह!’मधला मृत्युदंड खोटा वाटू नये म्हणून त्यांनी सॅन क्वेंटिन तुरुंगात जाऊन प्रत्यक्ष मृत्युदंड पाहिला. १९४२ मध्ये वेल्स ब्राझीलमध्ये असताना वेल्स यांच्याच ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ चित्रपटावर स्टुडिओच्या हुकुमाने कात्री चालली, ती वाइज यांच्याच हातात होती, हे मी नाकारत नाही, तिथे गोष्टीला कोणी विचारलेच नाही.

मीही विचारले नाही. एका चित्रपटात आई मुलाच्या पत्राची घडी घालते, ते अकरा सेकंदांचे दृश्य मी चारवर आणले, कारण ‘वेगवान संकलन’ ही माझी ओळख झाली होती. थिएटरमध्ये पाहिले, तर घडी पूर्ण होण्याआधीच दृश्य संपत होते. तेव्हा सगळेच तसे कापत होते आणि त्या ओळखीवर माझे घर चालत होते, हेही खरे आहे. पण ती घडी अजून अपुरीच आहे.

म्हणून पुन्हा सांगतो, गोष्टीला काय हवे ते विचार; तुझ्या ओळखीची उठाठेव इतरांना करू दे. भयपटाचा कच्चा कट मला पाठव आणि जिन्यावरचा जो प्रसंग ‘फार लांबला’ म्हणून तू कापायला निघाली आहेस, त्याला मी पाहीपर्यंत हात लावू नकोस.