उत्तर : 'न वापरलेली' व्हाइटवॉल जोडी निम्म्या भावात, घेऊ की नको?

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. २०१२ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, बॉबर (मडगार्ड कापलेली, गुबगुबीत टायरची बुटकी गाडी) करायला काढलेली, आणि कुणीतरी १६ इंची व्हाइटवॉलची, म्हणजे बाजूला पांढरा पट्टा असलेल्या टायरची, जोडी देतोय. 'एकदाही वापरलेली नाही, दुकानातच पडून होती, म्हणून निम्म्या भावात.' ती नाही जमली तर वरून बसवायच्या पांढऱ्या रबरी पट्ट्या किंवा सरळ रंग मारला तर चालेल का, असंही विचारलंय. गाडीचं साल सोडलं तर ही माझीच २०१९ ची गोष्ट आहे. 'दुकानातच पडून होती' हे शब्दसुद्धा तेच.

आधी सांगतो, मी मेकॅनिक नाही. नाशिकच्या अंबडला कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो, गाड्यांचा नाद आहे, आणि दोन बुलेट व एक क्लासिक उघडून परत जोडण्याइतकी हाडं झिजवली आहेत. त्यामुळे माझं म्हणणं एक अनुभव म्हणून घ्या, शेवटचा शब्द तुमच्या मिस्त्रीचा. टायरवरचा बाण, ट्यूबचं माप, रिमची रुंदी यात शिरत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच. मुद्दा एकच आहे : टायरवरचे चार आकडे.

माझी जोडी बाहेरगावच्या दुकानदाराकडून आली. १३,५०० रुपये, पार्सल वेगळं. खोकं उघडलं तर पांढऱ्या पट्ट्यावर निळा थर. पट्टा मळू नये म्हणून काही कंपन्या तो लावूनच पाठवतात, पाण्याने धुतला की जातो. मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी अंगणात बादली आणि नारळाची शेंडी घेऊन बसलो. निळं पाणी फरशीवरून थेट गेटबाहेर. रंगपंचमी चार दिवसांवर होती. समोरचे काका म्हणाले, "काय रे, यंदा रहाड तुमच्या दारात खोदली का?" (रहाड म्हणजे नाशिकला रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो हौद.) खालून दुधासारखा पांढरा पट्टा निघाला. बायकोने फोटो काढले. दुसऱ्या दिवशी गॅरेजला टायर चढले, आणि मी त्या गाडीवर मखमलाबादला मिसळ खायला गेलो.

या सगळ्यात टायरवर काय छापलंय ते एकदाही वाचलं नाही. पांढरा पट्टा सोडून काही दिसतच नव्हतं.

जूनमध्ये पाथर्डी फाट्याजवळ मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने चाक उताणं केलं, ओल्या फडक्याने रिमजवळचा भाग पुसला आणि म्हणाला, "साहेब, टायर तेराचं आहे." मला वाटलं, तो भाव सांगतोय. त्याने नख टेकवून दाखवलं : ३११३. म्हणजे २०१३ सालचा ३१ वा आठवडा. मी घेतलं तेव्हाच टायर साडेपाच वर्षांचं होतं. हा आकडा बहुतेक टायरना एकाच बाजूला असतो. माझ्या गाडीवर ती बाजू साखळीकडे गेली होती, आणि दुकानदाराने फोटो पाठवले होते ते दुसऱ्या बाजूचे. पुढच्या टायरवरही तोच आठवडा.

आता तुम्ही म्हणाल, वापरलंच नाही तर बिघडलं कुठे? मीही हेच म्हणालो होतो. टायरच्या रबरात मेण आणि इतर द्रव्यं मिसळलेली असतात. गाडी चालताना टायर दबतं, सुटतं, त्याबरोबर ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि हवेतल्या ओझोनपासून रबर वाचवतात. पडून राहिलेल्या टायरला ही हालचाल मिळत नाही, पण हवा आणि उष्णता त्याला सोडत नाही. पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मे काढलेलं टायर म्हणजे फ्रीजबाहेर ठेवलेलं श्रीखंड, झाकण उघडलं नाही म्हणून ताजं राहत नाही. व्हाइटवॉलची आणखी एक गोम : काळ्या रबरातली ही द्रव्यं पांढऱ्यात उतरली की पट्टा पिवळट, मग चहाच्या डागासारखा तपकिरी होतो. तो डाग आतून येतो, घासून जात नाही. ऑगस्टपर्यंत माझा पुढचा पट्टा दात न घासलेल्या माणसासारखा दिसायला लागला होता.

ते दिसणं सहन केलं असतं. पण जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबताना, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर मागचं चाक असं सरकलं की गाडी आडवी आणि मी तिच्या शेजारी. वेग वीससुद्धा नसेल. गुडघा, इंडिकेटर आणि अब्रू. ब्रेक मी जरा जोरात दाबला असेल, मान्य. पण त्याच जागी, त्याच पावसात मी बारा वर्षं गाडी चालवतोय. घरी येऊन टायरच्या खाचा बोटांनी फाकवून पाहिल्या तर तळाशी केसाएवढ्या बारीक भेगा. अंगठ्याचं नख रुतेना.

दुकानदाराला फोन केला. 'एकदा लावलेला माल परत नाही.' बरं, लावला नसता तर? 'धुतलेला पण नाही, साहेब.' म्हणजे निळा थर उतरवला त्याच क्षणी माझा हक्क गटारात वाहून गेला होता.

मग तक्रार करायला एका कार्यालयात गेलो. कुठलं ते लिहीत नाही, उगाच वाद नको. पहिल्या दिवशी जेवणाची सुट्टी लागली, ती चार वाजेपर्यंत संपली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की अर्जाच्या तीन प्रती लागतात आणि झेरॉक्सवाला समोरच आहे, पण आज बंद आहे. तिसऱ्या दिवशी टेबलामागच्या गृहस्थांनी माझं बिल दोनदा वाचलं. त्यावर लिहिलं होतं : टायर, नग २. ते शांतपणे म्हणाले, "या बिलातले टायर हेच, कशावरून?" मी फोटो दाखवले. "फोटोत नंबर कुठाय?" नव्हता. गृहस्थांचा राग आला, अजूनही येतो, कारण तीन अर्ध्या सुट्ट्या गेल्या आणि पहिल्याच दिवशी हे सांगता आलं असतं. पण त्यांचा प्रश्न चूक नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगतो, पैसे देण्याआधी दोन्ही टायरच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा. चार आकड्यांचा जवळून घेतलेला फोटो वेगळा मागा. तो येईपर्यंत टोकनसुद्धा नाही. आणि बिलावर मापाबरोबर तो आकडा लिहून घ्या. 'असं आम्ही लिहीत नाही' म्हणाला तर नमस्कार करून निघा. खोकं उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करा, आकडा जुळवा, आणि जुळेपर्यंत निळ्या थराला पाण्याचा थेंब लावू नका. तो थर म्हणजे तुमचं सील आहे.

किती जुनं चालेल? माझं वैयक्तिक मत, कुणी भांडू नका : व्हाइटवॉल दोन वर्षांच्या आतलं असेल तरच पूर्ण पैसे. तीन वर्षांपर्यंत निम्म्याने. त्यापुढे फुकट दिलं तरी गाडीला नाही, कुंडीला ठीक. काळ्या टायरबाबत मी इतका कडक नाही, कारण ती दुकानात टिकतच नाहीत. व्हाइटवॉलला गिऱ्हाईक वर्षातून दोन, त्यामुळे ती पडून राहणारच. दुकानदार दरवेळी लबाडच असतो असं नाही, त्यालाही कधी कधी माहीत नसतं.

आता मापाबद्दल थोडं, विचारलं नाहीत तरी. दोन्हीकडे १६ कशाला? पुढचं १९ इंची राहू द्या आणि फक्त मागचं १६ इंची करा. रॉयल एनफिल्डने २०२४ च्या शेवटी गोअन क्लासिक ३५० आणली, तिला कंपनीतूनच व्हाइटवॉल आहेत आणि मापं हीच, पुढे १९, मागे १६. तुमच्या क्लासिकला मागे ११०/९०-१८ असेल, उंची साधारण ६५५ मिलिमीटर. १३०/९०-१६ ची येते ६४०. म्हणजे रिम दोन इंचांनी लहान होऊनही गाडी मागून जेमतेम सात-आठ मिलिमीटर बसते, आणि टायर मात्र गुबगुबीत दिसतं. बॉबरला हवं ते हेच. पुढे १३० मिलिमीटर रुंदीचं टायर घालायचं तर रिम, मडगार्ड, फोर्कमधली (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमधली) जागा, सगळं त्या टायरच्या मागे धावत सुटतं. मी ते केलंय. टायरसाठी गाडी केली मी, गाडीसाठी टायर नाही. मागे १६ करतानासुद्धा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि साखळीपासून दोन्हीकडे निदान बोटभर जागा राहते का ते रिकाम्या रिमवर नाही, हवा भरलेल्या टायरवर बघा. स्पोक भरून चाकाचा आउट (वाकडेपणा) काढणारा माणूस चांगला शोधा, त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका.

गोअन क्लासिकचं टायर सुटं मागवता येतं का ते शोरूमच्या पार्ट काउंटरला विचारा, आजचा भाव मला ठाऊक नाही. परदेशी साइटवरून मागवायचा विचार असेल तर सोडा. आपल्याकडे टायरला आयएसआय खूण सक्तीची आहे, आणि जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयातही परवाना लागणाऱ्या यादीत टाकली. एका टायरसाठी कस्टमच्या कागदात अडकू नका.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल करता येत नाही, २०१९ च्या सुधारणेने अशा एकेका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. रिमचं माप बदलणं यात कुठे बसतं ते जाणकाराला विचारून घ्या. नुसती पांढरी पट्टी असलेलं मूळ मापाचंच टायर सगळ्यात बिनघोर. दिसायला थोडं कमी, झोपायला बरं.

वरून बसवायच्या पट्ट्या : नको. रिम आणि टायरच्या मध्ये कडा दाबून बसते, वेगात बाहेरची कड फडफडते, आत वाळू शिरते आणि ती कानशीसारखी टायरची बाजू घासत राहते. एका मित्राची पट्टी कसारा घाटात निम्मी सुटून फोर्कला फटके मारत होती. रंग : त्याहून नको. टायरची बाजू दर फेऱ्याला वाकते, ऑइलपेंट वाकत नाही. महिनाभरात भेगाळलेली भिंत. खऱ्या व्हाइटवॉलमध्ये पांढरं रबर बाजूत आतच असतं, वरचं पातळ काळं रबर घासून ते उघडं करतात, म्हणून ते टिकतं. प्रदर्शनात उभ्या ठेवायच्या गाडीला काहीही करा.

आणि घेतलंतच तर थोडी सेवा करावी लागेल. पावसाळ्यात त्र्यंबक रोडने पहिन्यापर्यंत जाऊन आलात की पट्टा विटकरी होणार. तो वाळू देऊ नका, आल्या आल्या पाणी मारा. भांड्यांचा साबण आणि जुना दातांचा ब्रश पुरतो. पेट्रोल, रॉकेल, ब्लीच यांतलं काही नको. टायर चमकवायचं काळं पॉलिश तर घरातच ठेवू नका, सर्व्हिसिंगला देताना पोराला बजावून सांगा, तो प्रेमाने फासतो. साखळीला ऑइल रात्री लावा आणि जास्तीचं पुसून घ्या, नाहीतर सकाळी त्या बाजूच्या पट्ट्यावर काळी नक्षी. पंक्चर काढताना लिव्हरखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवायला लावा. माझ्या पट्ट्यावर पहिला ओरखडा पडला तो तिथेच. सुटे टायर एकावर एक ठेवायचे तर पांढऱ्याला पांढरा टेकवून, काळ्याला नाही, नाहीतर डाग चढतो.

मी २०२० च्या फेब्रुवारीत दुसरी जोडी घेतली, २२,००० ची. आकडे आधी वाचले, मग खोकं फोडलं. निळा थर या वेळी न्हाणीघरात धुतला.

तुमच्या माणसाकडून फोटो आला की चार आकडे इथे लिहा. नाही आला, तरी तेही लिहा.