पियानोवरून हार्पसिकॉर्डकडे वळताना

पियानोची सवय असली की हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या काळातल्या पट्ट्यांच्या वाद्यावर, जोर लावायचा मोह होतोच. तो आवरा. इथे तार ठोकली जात नाही, छेडली जाते. कितीही दाबलंत तरी आवाज वाढत नाही. पट्टी अगदी सावकाश खाली न्या. तार छेडणाऱ्या पिसाचं टोक तारेला टेकलं की बोटाला बारीकसा अडसर जाणवतो. आधी तिथवर पोचा, मग सूर सोडा. पट्टी कधी सोडता याकडे त्याहून जास्त लक्ष हवं, कारण एखादा सूर ठसवायचा तर त्याच्या आधी किंचित फट ठेवावी लागते.

जमलं तर घरी क्लॅव्हिकॉर्ड, म्हणजे पट्ट्यांचंच आणखी एक जुनं वाद्य, ठेवा. जर्मन संगीतकार कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांनीही १७५३ मध्ये दोन्ही वाद्यांवर रियाज सुचवला होता. क्लॅव्हिकॉर्डवर बोट जरा जास्त दाबलं की सूरच चढतो, म्हणजे ढिसाळपणा लगेच पकडला जातो. (आवाज इतका नाजूक, की रात्री वाजवलं तरी शेजारी कुरकुरणार नाहीत.)

वाद्य सुरात लावायला स्वतःच शिका.

आणि लहान मुलांना शिकवणार असाल, तर पिसं नरम असलेलं वाद्य द्या. फ्रेंच संगीतकार कूपराँ यांनी १७१६ मध्ये हेच सांगितलं होतं. कडक वाद्यावर मुलांचे हात आखडतात.